हरीकाकांचा महागातला बोर्ड

मी सांगून सांगून थकलोय, तरी लोक विचारायचे थांबत नाहीत. "कमलेश, महागडा मदरबोर्ड घेतला तर खरंच फरक पडतो का रे?" अलिबागच्या बाजारात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या नशिबाला चिकटलेलाच. बरं, विचारणारा उत्तर घरूनच घेऊन आलेला असतो. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितलेला असतो, बोर्डावर लुकलुकणारे रंगीत दिवे बघितलेले असतात, आणि मी फक्त 'हो' म्हणायचं बाकी असतं. मी 'नाही' म्हटलं की तोंड एवढंसं होतं. मग शेजारच्या दुकानात जातात. जा बापड्यांनो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याच्या आतली ती मोठी पाटी, जिच्यावर बाकीचं सगळं बसतं. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सगळं. मी गिऱ्हाइकाला स्वयंपाकघराच्या ओट्याचं उदाहरण देतो. ओटा कडप्प्याचा असो नाहीतर ग्रॅनाइटचा, आमटी तीच होते. ग्रॅनाइटवर जागा जास्त मिळेल, शेजारी आणखी एक शेगडी बसेल, दिसायला तो झकास दिसेल, पण आमटीची चव ओट्यावर ठरत नाही. दिवसरात्र मशीनची भट्टी पेटवून बसणारा कुणी असेल तर त्याला मी स्वतःहून सांगतो, बाबा, तू भारी घे, तुझ्या उष्णतेला साधा टिकणार नाही. पण असा शंभरात एखादा. बाकीच्यांनी साधा चांगला बोर्ड घ्यावा आणि उरलेल्या पैशात विजेची सोय नीट करावी. माझं एवढंच म्हणणं, आणि ते मी दुकान टाकल्यापासून बदललेलं नाही.

हे सगळं शांतपणे ऐकून घेऊन, पटलंय असं कबूल करून, तरीही महागडा बोर्ड घेणारा माणूस मला एकच भेटला. नागावचे हरीकाका.

हरीकाका पाटबंधारे खात्यात भांडारपाल होते. म्हणजे खात्याचं सामान सांभाळायचं, काय आलं काय गेलं बघायचं, आणि पडून असलेलं खराब होऊ द्यायचं नाही. नोकरी संपली तरी ही शेवटची सवय काही सुटली नाही. नागावला त्यांची नारळ-सुपारीची वाडी. समुद्र इतका जवळ, की ओटीवर बसलं की चष्म्याच्या काचेवर खारट थर चढतो. अशा हवेत लोखंडाची काय गत होते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. आज आणलेला खिळा महिन्याभरात तांबडा. मग आमच्याकडे घरोघरी एकच औषध, खोबरेल. कुलपाला खोबरेल, कडीला खोबरेल, सायकलच्या चेनला, विळ्याला, शिवणाच्या मशीनला, सगळ्याला. पण हरीकाकांचं खोबरेल म्हणजे नेम होता. स्वतःच्या वाडीतलं खोबरं वाळवून घाण्यावरून काढून आणलेलं तेल, एका चपट्या बाटलीत, आणि लावायला कोंबडीचं पीस. दर शनिवारी सकाळी बाटली आणि पीस घेऊन काका घरभर फिरणार. त्यांच्या फाटकाची बिजागरी कधी कुरकुरली नाही. त्यांची मोपेड माझ्या वयाची असेल, पण तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

"माझ्या केसांना लावलं नसेल इतकं तेल यांनी कुलपांना लावलंय," अनुसूयाकाकू म्हणायच्या. म्हणजे काकांची बायको. काका हसून पीस पुढे करायचे, "ये, तुला पण लावतो." असा सगळा प्रकार.

सोमवारी बाजाराला आले की काका माझ्या दुकानात डोकावणारच. हातात कधी शहाळं, कधी पांढऱ्या कांद्याची माळ. घ्यायचं काही नसायचं. स्टुलावर बसायचे, मी एखादा डबा उघडून बसलेलो असलो की मान तिरकी करून आत बघायचे आणि विचारायचे, "याची निगा कशी राखतात?" बाकी सगळे विचारतात, हा किती फास्ट आहे. निगेचं विचारणारे काका एकटेच. मला त्यांचं फार बरं वाटायचं.

त्यांचा मुलगा सुयश. एकुलता एक. पुण्याच्या एका कंपनीत होता. अजून न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करून त्यातून फिरल्यासारखी चित्रफीत बनवायची, असं त्याचं काम. अनुसूयाकाकू न्हाणीत घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तो घरून काम करायची परवानगी काढून नागावला आला. काकू बऱ्या झाल्या, काठी घेऊन चालायला लागल्या, तरी सुयश गेला नाही. सकाळी समुद्राच्या पुळणीवर पळून यायचा, दिवसभर काम करायचा, संध्याकाळी वाडीत पाणी सोडायचा. मला म्हणाला, "कमलेशदादा, मला इथंच जमतंय. पुण्यात मी जेवायचो, इथे मला भूक लागते." त्याच्या साहेबानं राहायला हरकत घेतली नाही, पण अट घातली. काम वेळेवर आलं पाहिजे. मशीन बंद पडलं, लाईट गेली, नेट गेलं, असली कारणं एकदा चालतील, दुसऱ्यांदा बॅग भरून पुण्याला.

हे कळल्यावर काका दुसऱ्याच दिवशी दुकानात आले. त्या दिवशी सोमवार नव्हता आणि हातात काही नव्हतं.

"सुयशचं जुनं मशीन आता कुरकुरतंय," ते म्हणाले. "नवीन बनवायचं. सगळ्यात भारी."

मी माझी नेहमीची टेप लावली. ओटा, आमटी, सगळं. सुयशचं काम जरा जड आहे, पण मधल्या भावाच्या बोर्डावर आरामात होईल. वाचलेल्या पैशात चांगली बॅटरी घ्या, घराचं अर्थिंग नवीन करून घ्या, आणि मशीन समुद्राकडच्या खोलीत न ठेवता मागच्या खोलीत ठेवा. सुयश काकांबरोबर आलेलाच होता. तो म्हणाला, "दादा बरोबर सांगतायत, बाबा."

काकांनी त्याला चहा सांगायला पाठवलं. तो गेल्यावर माझ्याकडे वळले.

"तुझं खरं असेल रे. मला त्यातलं काय कळतं? पण आमच्या आळीत तरुण माणूस असलेलं घर आता आमचं एकच. बाकीच्यांनी होमस्टे काढलेत. शनिवार-रविवार घरं भरतात आणि सोमवारी म्हातारी माणसं चादरी धूत बसतात. त्याला परत जायला एक निमित्त पुरेल. ते निमित्त माझ्या घरातल्या वस्तूनं द्यायला नको. उद्या काही झालं तर मला असं वाटायला नको, की हरी, तू हात आखडलास म्हणून पोरगा गेला."

माझी आमटी तिथे संपली. मी मुंबईहून बोर्ड मागवला. मधल्या बोर्डाच्या तिपटीनं महाग. जाड पाटी, वर धातूचे चकचकीत ठोकळे, दिवे, काय काय. डबा पण असा, की एक बाजू अख्खी काचेची, हातानं ओढली की दारासारखी उघडते. तो डबा सुयशची हौस. मी नागावला जाऊन बसवून दिला. काकांनी बाहेर नारळ फोडला, डब्याला कुंकू लावलं आणि त्या काचेतून मत्स्यालय बघावं तसे आत बघत बसले. अनुसूयाकाकू मला म्हणाल्या, "लग्नात माझ्याकडे पण असं बघितलं नव्हतं यांनी." सुयश लाजला होता. बाबांनी आपल्यासाठी एवढं केलं याचा त्याला आनंद होता आणि तो लपत नव्हता.

मी मशीन सुरू करून दाखवलं. मग सांगितलं की महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं आतली धूळ काढायची. काका लगेच म्हणाले, "ते माझ्याकडे. सुयशला कामं आहेत."

पहिला उन्हाळा बरा गेला. सुयशची कामं वेळेवर जात होती. साहेब खूश होता. काका सोमवारी यायचे आणि स्टुलावर बसून, न विचारता, बोर्डाची खुशाली सांगायचे. "उत्तम चाललाय. परवा गावात दिवसभर लाईट खालीवर होत होती, त्याला काही नाही." मला मनातून वाटायचं की यात बोर्डाचं कर्तृत्व शून्य आहे, बॅटरी काम करतेय. पण कशाला माणसाचा आनंद नासवा? मी मान हलवायचो.

पावसात पहिली तक्रार आली. मशीन मध्येच अडकायचं. मी गेलो, मेमरीची पट्टी काढून पुसली, परत बसवली, चालू झालं. पट्टी चिकट लागली हाताला. स्वयंपाकघर शेजारीच होतं, मला वाटलं तळणाचा धूर. मी काकूंना तसं बोललोही. काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे आता कॉम्प्युटरसाठी आम्ही बोंबील तळायचे नाहीत का?" काका काळजीनं बाजूला उभे होते. मी त्यांना म्हटलं, "काका, पावसात जपा जरा. हवा खारी आहे, आत ओल धरते." त्यांनी मान डोलावली. आणि जपलं. त्यांच्या पद्धतीनं.

गणपती झाल्यावर मशीन मेलं. अगदी मेलंच. बटण दाबलं तरी दिवासुद्धा नाही. सुयशचं एक मोठं काम द्यायचं होतं, साहेबाचे फोनवर फोन. तो गाडीत डबा घालून दुकानात घेऊन आला. मी काच ओढली आणि आतून मुंग्या बाहेर आल्या. तांबड्या, ओळीनं. मी इतकी वर्षं मशीनं उघडतोय. पाल बघितली, झुरळांची पिल्लं बघितली, एकदा तर उंदराचं घरटं. पण मुंग्या अशा, जेवणावळीला आल्यासारख्या, कधी नाही. आणि वास. न्हाणीघरात अभ्यंगाला बसल्यासारखा वास.

मी बोर्ड बाहेर काढला. धातूच्या ठोकळ्यांवर, स्क्रूंवर, मेमरीच्या खाचांत, सगळीकडे तेल. त्यावर धूळ बसून काळा लगदा झालेला. घरचं तेल ते, त्यात पाण्याचा अंश असतोच, आणि जुनं झालं की आंबट होतं. लोखंडाच्या कडीला ते चालतं. या असल्या नाजूक तांब्याला नाही चालत. खाचांच्या तळाला हिरवा थर चढला होता. मी सुयशकडे बघितलं. त्यानं बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि स्टुलावर बसला. त्याच स्टुलावर, जिथे त्याचे वडील बसायचे.

"पीस," तो म्हणाला. "खाचेच्या आतपर्यंत तेल जायला पीसच लागतं."

मी भडकलो होतो. एवढी भारी वस्तू, आणि तिचा हा सत्यानाश! मी म्हटलं, "तुला वास नाही आला?" तो म्हणाला, "आमच्या घराला कायमच हा वास असतो हो, दादा." ते खरं होतं. दाराची कडी काढली की हाताला तो वास यायचा.

वॉरंटीत मिळण्याचा प्रश्न नव्हता. गंज आणि तेल बघून कोणी बदलून देत नाही, आणि का द्यावं? मी म्हटलं, साधा बोर्ड आहे माझ्याकडे, आज बसवून देतो. प्रोसेसर, डिस्क धडधाकट आहेत, तुझं काम जिथल्या तिथे मिळेल. सुयशचा जीव भांड्यात पडला. मग डबा बंद करता करता मला म्हणाला, "बाबांना सांगू नका. खाऱ्या हवेनं गेला म्हणा."

"अरे, सांगायला नको? उद्या याला पण तेल लावतील."

"याला बंद डबा द्या. कुलपाचा. मी चावी माझ्याकडे ठेवीन. पण बाबांना नका सांगू. त्यांना सहन व्हायचं नाही."

मी हो म्हणालो. चांगल्या घरचा मुलगा, वडिलांचं मन जपतोय, मला त्यात वावगं काय दिसणार?

काका सोमवारी आले. स्टुलावर न बसता उभ्यानंच विचारलं, "कशानं गेला रे?"

"खारी हवा, काका."

"सगळ्यात भारी होता ना?"

"भारी असला तरी हवेपुढे काय चालतं?"

त्यांचा चेहरा बघायला हवा होतात. पैसे गेल्याचं दुःख मी बघितलंय, रोज बघतो. हे ते नव्हतं. ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भारीतला भारी एका पावसाळ्यात गेला. मग हा साधा किती टिकणार?" मी सांगत होतो, काका, टिकेल, मस्त टिकेल, माझी हमी. पण माझ्या शब्दाला आता काही किंमत उरली नव्हती. आत्ताच मी म्हणालो होतो, भारीसुद्धा हवेपुढे टिकत नाही. मग साध्याची हमी कोण धरणार?

सुयशचं काम थोड्या उशिरानं गेलं. साहेबानं कुरकुर केली आणि सोडून दिलं. साधा बोर्ड बिनतक्रार चालू होता, मी म्हटलं होतं तसाच. म्हणजे बघा, सगळं मार्गी लागलं होतं. पोरगा घरी होता, मशीन चालू होतं, नोकरी शाबूत होती. आणि तेव्हा काकांनी त्याला ओटीवर बसवून सांगितलं की तू पुण्याला जा.

मला हे सुयशनंच सांगितलं. दुकानात आला होता, जायच्या आधी. "बाबाच म्हणाले. म्हणाले, इथल्या हवेत काही टिकत नाही, तुझी नोकरी माझ्या हट्टापायी जायला नको. साहेबानं एकदा सोडलं, दुसऱ्यांदा सोडणार नाही."

"मग खरं सांग ना गाढवा," मी म्हटलं. "सांग की हवेनं नाही, तेलानं गेला. हवेचा काही दोष नाही. दोन मिनिटांचं काम."

"आणि मग? ते जन्मभर मनाला लावून घेतील. म्हणतील, मीच घालवला. आणि दादा, ते इतक्या शांतपणे म्हणाले ना. मला वाटलं, त्यांचं पण ठरलं असेल. मी किती दिवस त्यांच्यावर भार होऊन राहू?"

भार! मी कपाळावर हात मारून घेतला. ज्यानं त्याला ठेवून घ्यायला तिप्पट पैसे मोजले, त्याला हा भार. मी सांगितलं त्याला, ऐक, तुझ्या वडिलांनी चहाला पाठवून मला काय सांगितलं होतं ते ऐक. त्यानं ऐकलं. डोळे भरून आले त्याचे. पण तोपर्यंत त्यानं साहेबाला येतो म्हणून कळवलं होतं, खोलीही बघितली होती. म्हणाला, "आता राहतो म्हटलं तर बाबा कारण विचारतील." आणि गेला. मला अजूनही त्याचं हे समजत नाही. बापाला एक कडू गोष्ट सांगायला नको म्हणून माणूस घर सोडून जातो. पण तो वाईट मुलगा नाही. तसा असता तर मला एवढा रागही आला नसता.

त्यानंतर काकांचं बदललं. सोमवारी यायचे, पण समुद्राच्या वाऱ्याला शिव्या द्यायचे. जन्म ज्या वाऱ्यात गेला, ज्याच्या जिवावर वाडीतले माड डोलतात, त्याला हा माणूस मेला-मुडदा म्हणायला लागला. ओटीवर बसायचं सोडलं. काकू म्हणाल्या, मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसतात, तिथे गोठ्याचा वास येतो तरी. सुयश सणावाराला यायचा, दोन दिवस राहायचा. त्याला तिथे बढती मिळाली. फोन रोज यायचा, चुकत नव्हता. माझ्या तोंडात कितीदा शब्द आले आणि मी गिळले, कारण सुयशला शब्द दिला होता. शिवाय आता बोलून उपयोग काय, असंही वाटायचं. पोरगा तिकडे रुजला होता.

गप्पच राहिलो असतो. पण यंदा होळी झाल्यावर गणराज आला. त्याचं नागावलाच होमस्टे आहे, काकांच्या वाडीला लागून. पाहुण्यांची बिलं करायला त्याच्याकडे एक कॉम्प्युटर आहे, तो घेऊन आला. "दादा, बघा न जरा. चालूच व्हत न्हाय."

मी झाकण काढलं. तोच वास.

"तेल कोणी लावलं?"

"हरीकाकांनी," गणराज कौतुकानं म्हणाला. "सोताहून दिलं लावून. म्हनले, सुयशच्या मशीनला मी तेल लावायला कमी पडलो. गनपतीत ताप आला, दोन शनिवार चुकले, तेवढ्यात गंज धरला न पोरगा गेला. तुझं तरी वाचू दे. आता शाळेतल्या मशीनला पन लावनार हायत."

इतके दिवस मी समजत होतो, काका हवेला दोष देतायत. हवेला नव्हते देत. तेलाचे दोन शनिवार चुकले, आपण कमी पडलो, हे धरून बसले होते. आम्ही ज्या दुःखापासून त्यांना वाचवायला खोटं बोललो, तेच दुःख ते पहिल्या दिवसापासून एकटे वागवत होते, आणि ते पण उलट्या बाजूनं.

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. शाळेतली मशीनं पोरांची. सोमवारी काका आले, पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन, स्टुलावर बसले. मी गणराजचा बोर्ड त्यांच्यासमोर ठेवला.

"काका, याला तेल लावायचं नसतं."

"म्हणजे?"

"लोखंडाला चालतं. याला नाही. तेलानंच हा खराब होतो. खाचांत जातं, आंबतं, तांबं खातं. मुंग्या येतात."

ते बोर्डाकडे बघत राहिले. जन्मभर सामान सांभाळलेला माणूस. त्याला एका गोष्टीवरून दुसरी कळायला वेळ लागत नाही. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"सुयशचा पण?" त्यांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"त्याला ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"इथेच बसला होता तेव्हा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बाबांना सांगू नका म्हणाला."

एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानंच जा म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं की ते म्हणतील, अरेरे, माझ्या हातानं झालं. मी त्याची तयारी करून बसलो होतो, समजूत घालायला. ते वेगळंच बोलले.

"मी त्याच्या वयाचा असताना माझ्या वडिलांनी माझी नवी सायकल ओहोळात घातली होती," ते म्हणाले. "मी असा ओरडलो होतो त्यांच्यावर, की शेजारचे जमले. चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी आम्ही दोघं मिळून तीच सायकल दुरुस्त करत बसलो होतो. पाहुण्याच्या हातून कपबशी फुटली तर आपण म्हणतो, असू दे, असू दे. घरच्या माणसाच्या हातून फुटली तर ओरडतो. त्यानं एकदा ओरडायला पाहिजे होतं रे माझ्यावर. ओरडला असता तर राहिला असता."

"तुम्ही सांगा ना त्याला," मी म्हटलं. "आत्ता लावा फोन. कळलंय म्हणा. ये म्हणा परत, काय व्हायचं ते होऊ दे."

मला खरंच वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. काकांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात. सुयशनं पटकन उचलला.

"बाबा? या वेळी कसा फोन? बरं आहे ना सगळं?"

"सुयश, तो बोर्ड मी घालवला," काका म्हणाले. एका दमात म्हणाले. "हवेनं नाही गेला. मी तेल लावून घालवला. तुझं काम अडलं, तुला जावं लागलं, ते माझ्यामुळे."

पलीकडे ऑफिसातली बोलणी ऐकू येत होती, कुणीतरी हसत होतं. काका फोनवर वाकले होते. मीही जागचा हललो नाही.

"छे हो, बाबा," सुयश म्हणाला. आवाज अगदी मऊ. "कोण म्हणालं तुम्हाला? हवेनंच गेला तो. तेलाचा काही संबंध नाही. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. जेवलात का?"

काका जेवले नव्हते. बाजार करून घरी जाऊन जेवायचे ते.

"जेवलो," ते म्हणाले, आणि फोन बंद केला.

त्यांनी तो खिशात ठेवला, स्टुलाच्या कडेला हात टेकून उठले, आणि माझ्याकडे बघितलं.

"अजून नाही ओरडत तो," ते म्हणाले.